घरातल्या कुंडीत पाणी घातलं की खालून निघून जातं, तरी रोपं सुकतात. काय चुकतंय?

तिसरा_मजला (जळगाव), ८ फेब्रुवारी

नमस्कार सगळ्यांना. आम्ही जळगावात तिसऱ्या मजल्यावर राहतो. गच्चीवर कुंडी ठेवली की सोसायटीच्या ग्रुपवर लगेच फोटो पडतो त्यामुळे गच्ची बाद. गॅलरी आहे पण आधीच्या मालकाने काचेची स्लायडिंग लावून बंद केलीये, पश्चिमेला तोंड, ऊन येतं ते दुपारी तीननंतर. हॉलची एक खिडकी पूर्वेला आहे, तिथे सकाळी दीडेक तास कोवळं ऊन. म्हणजे जे काय करायचं ते घरातच.

दिवाळीनंतर उत्साहात सात कुंड्या आणल्या. मिस्टरांनी गावाहून (यावलकडे वावर आहे, केळी आणि कपाशी) दोन गोण्या काळी माती आणली, म्हणे या मातीत काठी रोवली तरी फुटते. त्यात टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, मेथी आणि सासूबाईंच्या आग्रहाखातर भरीताच्या वांग्याची चार रोपं लावली. आता परिस्थिती अशी की कोथिंबीर दोऱ्यासारखी लांब होऊन आडवी झाली, टोमॅटो काचेकडे झुकून उभा आहे, वांगं दीड फूट वाढलं पण पानं मोजून सहा आणि फुलाचा पत्ता नाही. सगळ्यात कोडं म्हणजे पाणी घातलं की एका मिनिटात खालच्या ताटलीत येतं, मला वाटतं भरपूर झालं, आणि संध्याकाळी बघावं तर रोप मान टाकून. म्हणून मग दोनदा घालायला लागले तर खालची पानं पिवळी पडून राहिलीत आणि मातीवर बारीक चिलटं झालीत, ती चहात पडतात हो! मिस्टर महिनाभर केळीच्या सालींचं पाणी घालताहेत, त्याने काही फरक नाही.

मे महिना यायच्या आत निर्णय घ्यायचाय की हे चालू ठेवायचं की कुंड्या वाटून टाकायच्या.

अमळनेरचे_नाना, ८ फेब्रुवारी

घरमा वावर करी ऱ्हायनात का ताई? वांगं वावरमाच लागस. थट्टा केली, राग मानू नका.

माझं मत, वांगं काढा, मिरची राहू द्या, ती चिवट असते. आणि चिलटांना कपाशीवर मारायचं औषध घरात उरलेलं असेलच यावलला, पंपाच्या झाकणात थोडं घेऊन तांब्याभर पाण्यात मिसळून शिंपडा, दोन दिवसात साफ.

पराटी (धुळे), ८ फेब्रुवारी

नाना, बाकी तुमचा मान आहे पण ते औषधाचं कृपा करून मागे घ्या. कपाशीची औषधं खायच्या पाल्यावर आणि तेही बंद काचेच्या खोलीत?? मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाला तर भाजीपाल्यावर वापरायची परवानगीच नाही. २०१७ ला यवतमाळकडे फवारताना शेतकरी आणि मजूर दगावले, ते उघड्या वावरात. ताई, असली बाटली फ्लॅटमध्ये आणूच नका, रिकामी पण नाही.

आता तुमच्या पाण्याचं कोडं. माझी भाजीपाल्याच्या रोपांची छोटी रोपवाटिका आहे, हा प्रश्न महिन्यातून चारदा येतो आणि नव्वद टक्के वेळा दोषी तीच असते, आपली लाडकी काळी माती. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. वावरात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच कुंडीत होतं, फक्त भेग मधे न पडता कडेने पडते. मातीचा गोळा कुंडीच्या भिंतीपासून सुटतो, पाव इंच फट राहते, तुम्ही ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत. मधला गोळा कोरडा तो कोरडाच. आणि ताटलीत साचलेलं पाणी तळाशी चिखल करून ठेवतं, तिथली मुळं कुजतात. म्हणजे एकाच कुंडीत रोप तहानेनं पण मरतंय आणि बुडून पण. खोटं वाटत असेल तर एक मेलेली कुंडी उपडी करा आणि गोळा मधून फोडून बघा.

वावरात ती माती चालते कारण खाली दोन दोन पुरुष खोल माती असते, गांडुळं असतात, नांगर फिरतो. कुंडीत नऊ इंचाचा डबा आहे. तिथे माती कमी आणि भुसभुशीत भर जास्त पाहिजे. मी असं करतो, एक घमेलं तुमचीच काळी माती (टाकू नका, तिच्यात दम आहे, फक्त एकटी नको), एक घमेलं भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक घमेलं गांडूळखत नाहीतर नीट कुजलेलं शेणखत, आणि अर्धं घमेलं जाड रेती. कोकोपीट विकतचं असेल तर दोनदा पाण्यात धुवून पिळून घ्या, त्यात खार असतो. भुईमुगाची टरफलं मिळाली तर चुरून तीही टाका, आपल्याकडे फुकट मिळतात आणि माती घट्ट होऊ देत नाहीत. मूठभर निंबोळी पेंड. कच्चं शेण अजिबात नको, घरात वास, किडे, आणि मुळं भाजतात ते वेगळंच.

वजनाचा पण विचार करा. १२ इंची कुंडी नुसत्या काळ्या मातीने भरून पाणी घातलं की वीसेक किलोच्या घरात जाते, अशा सात कुंड्या गॅलरीच्या कठड्याच्या बाजूला रांगेत ठेवल्या असतील तर निदान भिंतीच्या बाजूला तरी घ्या.

केळीच्या सालीबद्दल केळीच्या जिल्ह्यात वाईट बोलणं बरं नाही पण बोलतो. सालीत पालाश (पोटॅश) असतं, खरं आहे, पण ते साल कुजल्यावर मिळतं, रात्रभर भिजवून फार काही उतरत नाही. तुमची खालची पानं पिवळी आहेत त्याला नत्र (नायट्रोजन) पाहिजे आणि मुळाला हवा पाहिजे. सालीच्या गोड पाण्याने पोसली गेली ती चिलटं. साली कंपोस्टच्या डब्यात टाका.

चिलटांचं सोपं आहे. वरची बोटभर माती कोरडी पडेपर्यंत पाणी द्यायचं नाही, त्यांच्या अळ्या त्या ओल्या थरातच असतात. आणि यावलच्या वावरात कपाशीला पांढऱ्या माशीसाठी लावतात ते पिवळे चिकट सापळे असतील बघा, एक कापून चार तुकडे करा, काडीला लावून कुंडीत खोचा.

अमळनेरचे_नाना, ९ फेब्रुवारी

बरं भाऊ, औषधाचं मागे घेतलं. आमच्या वेळेला कोणी सांगितलं नाही. सापळ्याची आयडिया भारी.

फौजदारी_डाळ (भुसावळ), ९ फेब्रुवारी

मातीचं पराटीभाऊंनी सांगितलं, मी फक्त उजेडावर बोलतो कारण माझा धंदा विजेचा.

आपल्या डोळ्याला खोलीत "चांगला उजेड आहे" असं वाटतं तो फसवा असतो, डोळा लगेच जुळवून घेतो, झाडाला ते जमत नाही. मोबाईलमध्ये लक्स, म्हणजे उजेड, मोजायचं फुकट अॅप टाका. दुपारी उघड्यावर धरलं तर लाखाच्या आसपास आकडा येतो, खोलीच्या मधोमध धरलं तर तीनशे चारशे. खिडकीपासून दोन हात मागे सरकलात की उजेड निम्म्याच्याही खाली. म्हणून तुमची कोथिंबीर दोऱ्यासारखी झाली, ती उजेड शोधत पळतेय बिचारी.

वांगं टोमॅटो मिरचीला सहा ते आठ तास थेट ऊन पाहिजे, ते तुमच्याकडे नाहीये, विषय संपला. पालेभाजी तीन चार तासात भागवते. पण ते दुपारी तीननंतरचं पश्चिमेचं ऊन काचेतून येणारं म्हणजे फेब्रुवारीत ठीक, एप्रिलपासून ती गॅलरी भट्टी होणार. भुसावळ जळगावचा मे तुम्हाला सांगायला नको, बाहेर ४५ असतं तेव्हा बंद काचेआड त्याहून वर जातं. एप्रिल लागला की काच उघडी ठेवा आणि बाहेरून हिरवी शेडनेट बांधा. आतून पडदा लावून उपयोग नाही, ऊन काचेतून आत आलं की आलंच.

हॉलमध्ये करायचं असेल तर ट्यूब लावा. महागड्या जांभळ्या लाइट विकतात ऑनलाइन त्यांच्या नादी लागू नका, घर पानटपरीसारखं दिसतं. साधी चार फुटी २० वॅटची एलईडी ट्यूब घ्या, ६५०० केल्विनवाली पांढरी, अशा दोन. पाल्याच्या टोकापासून फक्त एक वीत वर टांगा, छताला नाही! लोक इथेच चुकतात, छतावरच्या ट्यूबचा उजेड झाडापर्यंत पोचेस्तोवर काही उरत नाही. रोज १४ तास, टायमर लावून टाका. दोन ट्यूबचे ४० वॅट, गुणिले १४ म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटच्या किंचित वर, महिन्याला १७ युनिट धरा. रात्री बंद करा, झाडालाही झोप लागते.

एक सूचना, पाणी आणि वायर एकत्र येणार, एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, कुंडीच्या वरच्या लेव्हलला भिंतीवर ठोका.

हिशेबी (मूळ शहादा, सध्या नाशिक), ९ फेब्रुवारी

कोणाला राग येऊ देऊ नका पण ट्यूब, टायमर, कोकोपीट, शेडनेट, हे सगळं करून मिळणार काय तर वाटीभर मेथी. आपल्या बाजारात सीझनला दहा रुपयाला एवढी जुडी मिळते की निवडता निवडता कंटाळा येतो. खान्देशात राहून घरात भाजी पिकवणं म्हणजे तापीकाठी राहून बाटलीचं पाणी विकत घेणं झालं.

तिसरा_मजला, १० फेब्रुवारी

पराटीभाऊ, तुमचं ऐकून टोमॅटोची कुंडी उपडी केली. अगदी शब्द न् शब्द. कडेने फट, मधे दगडासारखा कोरडा गोळा, खाली काळा चिखल आणि वास. मिस्टर बराच वेळ काही बोलले नाहीत.

हिशेबीदादा, तुमचा हिशेब बरोबर आहे, मी पण तोच करायचे. खरं सांगायचं तर हे माझ्यासाठी नाहीये. सासूबाईंचे गुडघे गेले म्हणून त्यांना गावाहून इथे आणलं. साठ वर्षं पहाटे उठून वावरात जाणारी बाई, आता गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या बिल्डिंगचं पार्किंग बघत बसते. त्यांच्या हाताला माती लागावी एवढंच. त्या भरीताच्या वांग्यावर अडून बसल्यात त्याचं कारण पण तेच, दर हिवाळ्याला वावरात काट्याकुट्यांवर वांगी भाजून भरीत व्हायचं.

हिशेबी, १० फेब्रुवारी

मग हिशेब मागे घेतो ताई. ट्यूब लावा.

खापरावरची (चाळीसगाव), ११ फेब्रुवारी

ताई मी तीन वर्षं एका खोलीच्या खिडकीत हे प्रकार करतेय, बऱ्याच गोष्टी मारून झाल्यात तर माझं ऐका.

भरीताचं वांगं नाद सोडा. आपलं जळगावचं भरीताचं वांगं, ज्याला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, ते हिरवट पांढरं, पातळ सालीचं, कमी बियांचं, एकेक वांगं पाव अर्धा किलोचं. एवढं फळ भरायला झाडाला पोटभर ऊन पाहिजे, सहा पानांवर ते कुठून भरणार. पण भरीताला नुसतं वांगं थोडंच लागतं? कांद्याची पात लागते, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर लागते. ते पिकवा ना घरात, आणि वांगं बाजारातून आणा.

पात तर इतकी सोपी की लाज वाटेल. घरात कोंब आलेले कांदे असतात ते फेकू नका, ट्रेमध्ये निम्मे मातीत बसवा एकमेकाला चिकटून, पंधरा दिवसात वीतभर पात. कमी उजेडात पण होते कारण कांद्याने स्वतःची शिदोरी बरोबर आणलेली असते. दोन वेळा कापा, मग कांदा रिकामा होतो, काढून टाका. लसणाचं तेच, पाकळी टोक वर करून बोटाच्या पेराइतकी आत, तीन आठवड्यात हिरवी पात. तिचा ठेचा करून बघा कळण्याच्या भाकरीबरोबर, मग मला सांगा.

मेथीला खोल कुंडी नको, चार इंचाचा ट्रे पुरे, खाली भोकं हवीत. मी मिठाईचे प्लास्टिकचे डबे वापरते. स्वयंपाकातलीच मेथी रात्री भिजवून सकाळी दाट पसरायची, वर पातळ मातीचा थर. घरातल्या उजेडात ती बाजारासारखी भरगच्च होतच नाही त्यामुळे वाट बघू नका, पंधरा दिवसांची कोवळी असतानाच कात्रीने कापा. मुंबईत समुद्र मेथी म्हणून इवल्याशा जुड्या विकतात ना तसली. दर पाच दिवसांनी एक नवा ट्रे पेरला तर खंड पडत नाही.

कोथिंबीर आता फेब्रुवारीत करून घ्या, धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका करायच्या, उगवायला आठ दहा दिवस घेतात, धीर सोडू नका. डब्यातले धणे जुने असतात, उगवले नाहीत तर स्वतःला दोष न देता नवे आणा. एप्रिल मेमध्ये कोथिंबीर लावूच नका, उगवत नाही आणि उगवली तर लगेच तुऱ्यावर येते. उन्हाळ्याला पोकळा, तांदुळजा, घोळ आणि मायाळू. मायाळू खिडकीच्या गजांवर चढतो आणि अर्ध्या उन्हात पण खूश असतो, त्याची भजी चांगली होतात. पुदिना बाजारातल्या जुडीच्या काड्या पाण्यात ठेवून मुळं फुटली की लावायचा, पण वेगळ्या कुंडीत, तो दुसऱ्याला जगू देत नाही.

गिलके दोडके वेल म्हणून मी एकदा खिडकीत लावले होते. नर आणि मादी फूल वेगळं, घरात मधमाशी कुठली, मग मीच ब्रश घेऊन. गिलक्याचं फूल सकाळी उमलतं आणि दोडक्याचं संध्याकाळी, म्हणजे दोन्ही वेळची ड्यूटी. अख्ख्या सीझनला तीन गिलकी. आमच्या घरात अजून त्यावरून बोलतात.

आणि कूलर! हे कोणी सांगितलं नाही. उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्यात, पण थेट झोतासमोर नाही, जरा बाजूला, पालेभाजीचे ट्रे ठेवले की मस्त राहतात, आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की तो ओलावा त्यांना मानवतो. पण कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना कधीच घालू नका. दिवसभर पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात, जाळीवर पांढरं बसतं ना तेच. आरओचं वेस्ट पाणी पण तसंच, त्याने फरशी पुसा. बोअरचं पाणी जड असेल तर महिन्यातून एकदा नळाच्या गोड पाण्याने कुंडी धुतल्यासारखी भरपूर भिजवून सगळं पाणी खाली जाऊ द्या, ताटली रिकामी करा.

पराटी, ११ फेब्रुवारी

खापरावरचींचं सगळं बरोबर. त्या वांग्याच्या रोपांबद्दल एकच, उपटू नका. खाली पार्किंगच्या कडेला कुठे ऊन असेल तर तिथे न्या, पण एकदम उन्हात ठेवलं तर पानं भाजतील, घरातली सवय झालीये त्यांना. आठ दिवस सकाळचं तास दोन तास ऊन, मग वाढवत न्या. आणि मोठी कुंडी, १५ इंचाची तरी.

तिसरा_मजला, १९ एप्रिल

उशिरा लिहितेय, सॉरी. घरी लग्न होतं.

मिस्टरांनी माती परत मिसळली (टरफलं यावलहून गोणीभर आली, अर्धी अजून बाथरूमबाहेर पडून आहे). हॉलच्या खिडकीखाली ट्यूब बांधल्या. शेडनेट बाहेरून बांधताना एक बाजू सुटली आणि खालच्या काकूंच्या गॅलरीत गेली, ते असो. कांद्याची पात झाली, लसणाची झाली, मेथीचे आता पाच ट्रे फिरतात. कोथिंबीर एकदाच मिळाली, मग तुऱ्यावर गेली, सांगितलं होतं तसंच. सापळ्यांवर चिलटं इतकी चिकटली की पाहुण्यांसमोर लपवावे लागले, आता जवळपास नाहीत.

सगळा कारभार सासूबाईंनी ताब्यात घेतलाय. मला पाणी घालू देत नाहीत. ट्रेमध्ये बोट खुपसून बघतात आणि म्हणतात आज नको. ट्यूब सकाळी आपोआप लागते तेव्हा पहिल्या दिवशी हात जोडले होते त्यांनी, का ते विचारलं तर म्हणाल्या, सूर्य तो सूर्य.

वांग्याच्या चारपैकी दोन गेली. दोन रोपं खाली वॉचमनकाकांच्या खोलीजवळ ठेवलीत, तिथे सकाळपासून ऊन. एकाला दोन वांगी लागली, लिंबापेक्षा मोठी, पेरूपेक्षा लहान. वॉचमनकाकूंनी एक ठेवून घेतलं आणि एक वर पाठवलं. सासूबाईंनी ते गॅसवर भाजलं, बाजारातून आणलेल्या दोन किलोत मिसळलं, आणि आता प्रत्येक घासाला विचारतात यातलं आपलं कुठलं.

एक शंका आहे. मायाळू छान आहे पण शेजारच्या मिरचीच्या पानांमागे बारीक लाल ठिपके हलताना दिसतात आणि जाळीसारखं काहीतरी. हे काय?

पराटी, १९ एप्रिल

लाल कोळी. कोरड्या गरम हवेत येतोच. पानांच्या मागच्या बाजूने रोज सकाळी पाण्याचा जोरात फवारा, बाथरूममध्ये नेऊन. चार दिवसात कमी नाही झाला तर कडुलिंबाचं तेल ५ मिली, एक लिटर पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, संध्याकाळी मारा. जास्त जाळी झालेली पानं तोडून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. ती मिरची बाकीच्यांपासून लांब ठेवा.

अमळनेरचे_नाना, २० एप्रिल

मी यावेळी औषध सुचवलं नाही, नोंद घ्या. आणि ते वांगं कसं लागलं ते कोणी सांगितलंच नाही.

तिसरा_मजला, २० एप्रिल

कडू होतं थोडं नाना. कोणी बोललं नाही.